नाशिकहून सरकारी मनोरुग्णसेवा: उपचार बरे, पैसा अडतो, देखरेख मागून घ्यावी लागते

नाशिक जिल्ह्यात सरकारी मनोरुग्णालय नाही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. सार्वजनिक आरोग्य विभागाची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार. मंजूर खाटा येरवड्याला २,५४०, ठाण्याला १,८५०, नागपूरला ९४० आणि रत्नागिरीला ३६५. बेरीज ५,६९५. २०११ च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटींना ती वाटली तर लाखामागे पाच खाटा पडतात. नाशिककरांना त्यातलं जवळचं ठाणं. त्याच्या अलीकडे त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय, आणि तिथला मानसोपचार विभाग.

त्यामुळे हे परीक्षण एका इमारतीचं होऊ शकत नाही. सिव्हिलची ओपीडी, तिथल्या मोजक्या खाटा, ठाण्याची भरती, तिथून परत घरी येणं आणि या सगळ्यावर नजर ठेवायला नेमलेली यंत्रणा, हे सगळं एकत्रच पाहावं लागतं. मत आधीच देतो. उपचार म्हणून ही सेवा लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ बरी आहे. ती अडते दोन जागी: औषध सलग मिळण्यात आणि बरा झालेला माणूस घरी पाठवण्यात. दोन्हीकडे अडचण डॉक्टरच्या हातातली नसते. पैसा कोणत्या शीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या कप्प्यातून, आला आणि हिशेब कोण विचारतो, यावर ती ठरते.

ओपीडी आणि औषधं

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या, औषधं, भरती यांचे पैसे लागत नाहीत. बिटको किंवा झाकीर हुसेन ही महापालिकेची रुग्णालयं, त्यांचा कारभार वेगळा; सिव्हिलचा नियम तिथे सांगून भांडण्यात अर्थ नाही.

पहिल्या खेपेला तीन गोष्टी न्याव्यात: जुने कागद, चालू गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स आणि रुग्णासोबत राहणारा माणूस. गावातला मोठा माणूस सोबत आणून उपयोग नसतो. रात्री रुग्ण किती वाजता उठतो हे ज्याला माहीत आहे तो हवा. एका कागदावर लिहून न्या: झोप कधीपासून गेली, खाणं, दारू-गांजा-तंबाखू, फिट येते का, थायरॉइड-शुगर, आधीची औषधं कोणती आणि ती कधी व का सोडली. गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला मिनिटं थोडी येतात. ती मिनिटं गोळीचा रंग आठवण्यात गेली तर डॉक्टर अंदाजानं जुनीच गोळी पुन्हा सुरू करतात.

औषधांची यादी वाईट नाही. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल, फ्लुओक्सेटिन किंवा एस्सिटॅलोप्राम, सोडियम व्हॅल्प्रोएट, लिथियम, अंग आखडू नये म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल. एवढ्यात बहुतेक रुग्णांचं भागतं. काही औषधांच्या मागे मात्र तपासणी असते, आणि औषध फुकट मिळूनही माणूस तिथे अडकतो. लिथियमची रक्तातली पातळी मोजावी लागते. शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी रक्त द्यायचं असतं, म्हणजे सकाळची गोळी न घेता यायचं. क्लोझापिन सुरू केलं की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजायच्या. सुरगाण्याच्या माणसाला दर आठवड्याला नाशिकला या म्हणणं म्हणजे औषध बंद करा म्हणण्यासारखंच आहे. म्हणून ही औषधं सुरू करण्याआधीच विचारून घ्या की रक्ताची तपासणी तालुक्याला होईल का आणि रिपोर्ट फोनवर चालेल का. रोजची गोळी घरात टिकत नसेल तर फ्लुफेनाझिन डेकॅनोएटसारखं दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन आहे. डॉक्टर स्वतःहून सुचवतील याची वाट पाहू नका, विचारा.

आता तुटवडा. मानसिक आजाराच्या गोळ्या अधूनमधून संपतात, आणि त्यामागचं कारण ठरलेलं आहे. वर्षाची मागणी गेल्या वर्षीच्या वाटपावरून काढली जाते. गेल्या वर्षी दोन महिने गोळी नव्हती तर वाटप कमी दिसतं, म्हणून यंदाची मागणी कमी जाते, म्हणून यंदा गोळी आणखी लवकर संपते. ई-औषधी या सरकारी औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीत साठा दिसतो. खिडकीवरून रिकाम्या हातानं परत गेलेला रुग्ण दिसत नाही. खरेदी पूर्वी हाफकिन महामंडळाकडे होती, २०२३ च्या कायद्यानं ती महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे गेली. मधल्या खिंडारात स्थानिक खरेदी आणि रुग्णकल्याण समितीचा निधी कामाला येतो, पण त्यासाठी कुणीतरी टंचाई कागदावर आणायला हवी. ते काम नातेवाइकानं करायचं: गोळी मिळाली नाही तर केसपेपरवर ‘औषध उपलब्ध नाही’ असं तारीख-सहीनिशी लिहून घ्या. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम १८ अत्यावश्यक यादीतली औषधं समुदाय आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी आस्थापनांत कायम आणि मोफत ठेवायला सांगतं. ‘कायम’ हा शब्द कायद्यातलाच आहे. तो वाजवून घ्यायचा तर हातात कागद लागतो, तोंडी तक्रार त्याच दिवशी विरते.

तालुक्याला औषध मिळावं ही कल्पना चांगली, पण तिथे मालक दोन. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकाचं. पेठ किंवा कळवणच्या रुग्णाची गोळी पीएचसीत नसेल तर सिव्हिलला अर्ज देऊन उपयोग नाही. तो अर्ज झेडपीत जायला हवा. निम्मे अर्ज चुकीच्या दारात पडून असतात.

खाटा आणि भरतीचे कागद

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर १० खाटांचा वॉर्ड अपेक्षित आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ होती. हिशेब तुम्हीच करा. या खाटा तीव्र अवस्थेतल्या रुग्णाला काही दिवस सावरायला असतात, आणि सोबत नातेवाईक राहावा लागतो ही त्यातली न लिहिलेली अट. सोबत कुणी नसेल, मारामारी होत असेल किंवा मुक्काम लांबणार असेल तर चिठ्ठी ठाण्याची निघते.

भरतीचे प्रकार समजून घेतले तर पुढचे पुष्कळ वाद टळतात. रुग्ण स्वतः तयार असेल तर याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ८६ खाली स्वतंत्र भरती. त्याला जायचं असेल तेव्हा सुटी मागता येते, आणि डॉक्टर फार तर २४ तास मूल्यमापनासाठी थांबवू शकतात. रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर कलम ८९ खाली आधारासह भरती. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीनं बोलायला ठरलेल्या माणसाचा, अर्ज लागतो आणि दोन व्यावसायिकांनी वेगवेगळं तपासून सहमत व्हावं लागतं: एक मानसोपचारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. तपासणी त्याच दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांतली हवी. आधी कुणाचं नाव दिलेलं नसेल तर नातेवाईक, मग सांभाळ करणारा, असा क्रम कायद्यातच दिला आहे. वेगळ्या कोर्टाच्या आदेशाची गरज नाही. १९८७ च्या जुन्या कायद्यातला रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे भरतीसाठीचा मॅजिस्ट्रेटचा आदेश, संपला. तरी अजून काही वकील आणि काही पोलीस ठाणी ‘कोर्टातून ऑर्डर आणा’ म्हणतात.

आधारासह भरती ३० दिवसांची. पुढे ठेवायचं तर कलम ९० खाली पुनर्विलोकन मंडळाची (भरतीवर नजर ठेवायला कायद्यानं नेमलेल्या मंडळाची) परवानगी: ९० दिवस, मग १२०, मग दर खेपेला १८० दिवस. सुटी देऊन ७ दिवसांच्या आत पुन्हा भरती करायची तर तीही कलम ९० खालीच. कलम ८९ ची भरती झाली की रुग्णालयानं मंडळाला कळवायचं असतं. स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत, इतरांबाबत ७ दिवसांत. नातेवाइकांनी भरतीच्या दिवशीच विचारावं: कोणत्या कलमाखाली घेतलं, मंडळाला कधी कळवणार. वॉर्डातल्या लोकांना हा प्रश्न आवडत नाही, पण फाइल त्यानं सरळ चालते.

तातडीची वेळ असेल, म्हणजे रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल, तर कलम ९४ खाली कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीनं ७२ तासांपर्यंत उपचार सुरू करू शकतो. विजेचा शॉक देण्याचा उपचार यात करता येत नाही. तो द्यायचा तर भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊनच. भूल न देता देणं कलम ९५ खाली बंद आहे. साखळीनं बांधणंही त्याच कलमात बंद. हातपाय बांधले असतील तर त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी आणि नोंद लागते, प्रतिनिधीला २४ तासांत कळवावं लागतं आणि महिन्याच्या अहवालात ती घटना मंडळाकडे जाते.

ठाण्याला जाताना पंचवटी एक्स्प्रेस सोयीची, ती ठाण्याला थांबते. पण अस्वस्थ रुग्णाला घेऊन सकाळच्या गर्दीत चढू नका. १०८ ची रुग्णवाहिका मागा, हातघाईवर आला तर ११२. सोबत सिव्हिलची संदर्भ चिठ्ठी, आधार, रेशन कार्ड, जुने कागद आणि प्रतिनिधीचं ओळखपत्र. फोन नंबर दोन घरांचे द्या. हे क्षुल्लक वाटेल, पण सुटीच्या वेळी रुग्णालयाकडे तुमच्यापर्यंत पोचायला तोच एक धागा असतो.

सुटी

इथे ही सेवा आमच्या मते सरळ नापास होते. राज्यातल्या मनोरुग्णालयांत बरे होऊनही वर्षानुवर्षं राहिलेले लोक आहेत. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयापुढे दहा-दहा वर्षं आत असलेल्या रुग्णांचा प्रश्न आला तो त्यामुळेच. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राला सुनावलं होतं: मनोरुग्णालयातली माणसं भिक्षेकरीगृहात नि तशाच संस्थांत हलवून आकडे कमी दाखवू नका.

कलम १९ स्वच्छ आहे. घर नाही, नातेवाईक नेत नाहीत, एवढ्या कारणानं कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. सरकारनं रुग्णालय आणि घर यांच्या मधली घरं (हाफवे होम), गट-घरं उभारायची. कुटुंबानं टाकलं असेल तर राहत्या घरातला हक्क बजावायला कायदेशीर मदतही सरकारनंच द्यायची. नाशिकात त्यासाठी सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. प्रत्यक्षात सुटी होते ती वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकानं पत्ता शोधून, फोन करून, गावी जाऊन आल्यावर. ते पद रिकामं असेल तर सुटीचं काम तिथेच थांबतं. गृहभेटीचा खर्च प्रवासाच्या शीर्षाखाली येतो, आणि कपात आली की कात्री आधी तिथेच लागते. एका रुग्णाला वर्षभर खाऊ घालण्याचा खर्च मंजूर असतो आणि त्याला घरी सोडायच्या जीपसाठी पैसे नसतात, हे चित्र कुणी मुद्दाम काढलेलं नाही. शीर्षांच्या रचनेतून ते आपोआप तयार होतं.

पैसा कुठून येतो

दोन नळ आहेत. पहिला राज्याच्या अर्थसंकल्पातला: मागणी क्रमांक आर-१, मुख्य लेखाशीर्ष २२१०, वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. मनोरुग्णालयांचे पगार, जेवण, औषध, वीज यातून. बांधकाम भांडवली शीर्ष ४२१० मधून, आणि ते खर्च करतं सार्वजनिक बांधकाम खातं. छत गळत असेल तर अधीक्षक अंदाजपत्रक मागू शकतो, मोठं काम स्वतःहून करून घेऊ शकत नाही. म्हणून जुन्या वॉर्डातल्या संडासाबद्दल अधीक्षकावर ओरडण्याआधी बांधकाम खात्याकडे गेलेलं पत्र मागून पाहावं.

२२१० च्या आत तपशीलवार शीर्षं असतात: ०१ वेतन, ०६ वीज-पाणी-दूरध्वनी, १० कंत्राटी सेवा, ११ प्रवास, १३ कार्यालयीन खर्च, २१ सामग्री व पुरवठा. खरी मेख इथे आहे. मानसोपचारतज्ज्ञाची तीन पदं वर्षभर रिकामी राहिली तर वाचलेला पगार ०१ मध्येच पडून राहतो. त्यातून २१ खाली गोळ्या घेता येत नाहीत; पुनर्विनियोजनाचा, म्हणजे एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात वळवण्याचा, प्रस्ताव वर जावा लागतो, आणि बहुधा तो जात नाही, निधी समर्पित होतो, म्हणजे परत जातो. बाहेरून आकडा पाहणाऱ्याला वाटतं पैसे शिल्लक राहिले, मग तुटवडा कसला? शिवाय वर्षाची तरतूद एकदम हाती येत नाही, हप्त्यानं सोडली जाते. शेवटचा मोठा हप्ता मार्चात आला तर दहा दिवसांत जे विकत घेता येतं ते घेतलं जातं. गाद्या येतात, कपाटं येतात. लिथियम येत नाही, कारण त्याचा दरकरार मार्चात होत नाही.

दुसरा नळ राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा, केंद्र-राज्य ६०:४०. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ ला सुरू झाला, तो आता यातून चालतो. त्याची कमाल मर्यादा जिल्ह्यामागे वर्षाला ८३.२ लाख रुपये. गंमत अशी की ती जिल्ह्यामागे आहे, माणसामागे नाही. नाशिकच्या ६१ लाखांत ती वाटली तर माणशी १ रुपया ३६ पैसे. सिंधुदुर्गची लोकसंख्या २०११ ला साडेआठ लाख. तिथे तीच मर्यादा माणशी ९ रुपये ७९ पैशांवर जाते. १५ तालुक्यांच्या, अर्ध्या आदिवासी डोंगराच्या जिल्ह्याला आणि कोकणातल्या लहान जिल्ह्याला एकच माप. ही सेवा पातळ का, याचं सर्वांत मोठं उत्तर आमच्या मते हेच. तुलनेसाठी: २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बंगळुरूच्या निम्हान्स या केंद्राच्या मानसोपचार संस्थेला ७२१ कोटी होते, टेलिमानस या फोनवरच्या सेवेला १३४ कोटी.

या नळातून नेमलेले मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका कंत्राटी असतात. करार वर्षाच्या आतला, नूतनीकरण दरवर्षी, मान्यता उशिरा आली की पगार उशिरा. २०२३ च्या दिवाळीच्या सुमाराला अभियानाचे कर्मचारी संपावर होते, तेव्हा अशा अनेक सेवा लटकल्या. माणूस शिकून तयार होतो आणि खासगीत जातो. नवा येईपर्यंत समुपदेशनाच्या खोलीला कुलूप. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता थांबतो, आणि ते प्रमाणपत्र करायला बसणारा माणूसही याच कंत्राटातला.

तिसरी, छोटी वाट म्हणजे जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्र्यांच्या बैठकीत रस्ते आणि शाळाखोल्या मागणारे शंभर असतात. मानसोपचार वॉर्डाच्या खिडक्यांना जाळी मागणारा कुणी नसतो. मागितली तर मिळण्यासारखी ती रक्कम असते.

खर्च पाहायचा तर राज्याची बीम्स प्रणाली लोकांसाठी खुली आहे. विभाग आणि शीर्ष निवडलं की मंजूर किती, वितरित किती, खर्च किती ते दिसतं. डिसेंबरात एकदा आणि एप्रिलात एकदा पाहिलं तरी पुरे. दोन आकड्यांतला फरक बरंच बोलतो.

नजर कोण ठेवतं

कागदावर पुष्कळ जण. अधीक्षकावर उपसंचालक, त्यांच्यावर संचालनालय, त्यांच्यावर मंत्रालयातला विभाग. शिवाय राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण, जिल्ह्यांसाठी पुनर्विलोकन मंडळं, महालेखापाल, राष्ट्रीय मानवी हक्क आयोग. आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये देशातल्या सरकारी मनोरुग्णालयांच्या अवस्थेची स्वतःहून दखल घेतली होती.

प्राधिकरणाची रचना आम्हाला पटत नाही. कायद्यानं त्याचे अध्यक्ष आरोग्य खात्याचे सचिव. मनोरुग्णालयं चालवतं तेच खातं, त्यांची नोंदणी आणि तपासणी ज्या प्राधिकरणानं करायची त्याच्या अध्यक्षपदी त्याच खात्याचा प्रमुख. वर्षाला किमान चार बैठका आणि नोंदणीकृत आस्थापनांचं दर तीन वर्षांनी लेखापरीक्षण कायद्यात आहे. खासगी व्यसनमुक्ती केंद्रंही यात येतात, कारण दारू-ड्रग्जचं व्यसन कायद्याच्या व्याख्येत बसतं. विनानोंदणी चालवलं तर पहिल्या वेळी दंड ५,००० ते ५०,०००. खालचा आकडा पाहून कुणाला घाम फुटेल असं वाटत नाही.

मंडळ ही या कायद्यातली सर्वांत कामाची गोष्ट. सहा जण: जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि दोन जागा स्वतः आजार अनुभवलेल्या, सांभाळ करणाऱ्या किंवा संस्थेच्या लोकांसाठी. कलम ८९ च्या भरतीला आव्हान दिलं तर ७ दिवसांत निकाल, कलम ९० च्या भरतीला २१ दिवसांत, बाकी अर्ज ९० दिवसांत. मान्य नसेल तर ३० दिवसांत उच्च न्यायालय. फी नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावरचा मराठी अर्ज चालतो.

पण मंडळापर्यंत कुणी जायचं असेल तर ते आहे हे आधी कळायला हवं. म्हणून वॉर्डात गेल्यावर भिंती पाहा. कलम ७२ प्रमाणे मंडळाचा पत्ता आणि दूरध्वनी ठळक जागी लावलेला हवा, अर्जाचे नमुने ठेवलेले हवेत आणि रुग्णाला तिथे फुकट फोन करता यायला हवा. तपासा: पाटी आहे का, मराठीत आहे का, रुग्णाच्या नजरेच्या उंचीवर आहे की अधीक्षकांच्या खोलीबाहेर, तिच्यावरचा नंबर लागतो का, आणि वॉर्डातला फोन चालू आहे की नुसता खिळ्याला टांगलेला. पाच मिनिटांत जेवढं कळतं तेवढं जाड तपासणी अहवालातून कळत नाही. त्याच फेरीत कलम २० मधले हक्कही तपासता येतात: स्वतःचे कपडे घालू देतात का, सरसकट डोकी भादरली आहेत का, वॉर्डाची कामं रुग्णांकडून फुकट करून घेतात का, बाथरूमला दार आहे का.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा तर महाराष्ट्राच्या नियमांत विषय एक आणि शब्द १५० ची मर्यादा आहे. सगळं एकाच अर्जात कोंबलं की परत येतो. पहिल्या अर्जात फक्त मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, पदनामानुसार, प्रत्येक पद रिक्त झाल्याची तारीख. दुसऱ्यात गेल्या दोन वर्षांतला सहा ठरावीक गोळ्यांचा महिनावार शिल्लक साठा. ‘सर्व औषधे’ लिहिलंत तर शेकडो पानांचं शुल्क भरायची चिठ्ठी येते. तिसऱ्यात कलम ८९ आणि ९० खालच्या भरतींची महिनावार संख्या आणि मंडळाकडे गेलेल्या सूचनांची संख्या. हे दोन आकडे जुळले नाहीत तर मंडळाला लिहायला मुद्दा हातात असतो. रुग्णाचं नाव कुठेही घालू नका, अर्ज तिथेच अडेल. स्वतःच्या रुग्णाच्या नोंदी हव्या असतील तर माहिती अधिकार नको, कलम २५ खाली थेट मागाव्यात.

टेलिमानसबद्दल थोडक्यात: १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, फुकट. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सेवा मध्यरात्री धीर द्यायला आणि गोळीच्या परिणामाबद्दल शंका विचारायला चांगली. भरतीची किंवा औषधाची सोय तिच्यातून होत नाही.

रस्त्यावरचे रुग्ण आणि येणारा सिंहस्थ

नाशिकचा वेगळा प्रश्न तीर्थक्षेत्राचा. रामकुंड, त्र्यंबकेश्वर, वणीचा गड, नाशिकरोड स्टेशन इथे घर विसरलेली किंवा घरच्यांनी सोडलेली माणसं सापडतात. कलम १०० खाली ही जबाबदारी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची आहे. अशा माणसाला संरक्षणात घ्यायचं, का घेतलं ते सांगायचं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य आस्थापनेत तपासणीला न्यायचं, लॉकअपमध्ये कुठल्याही परिस्थितीत ठेवायचं नाही, आणि बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून कुटुंब शोधायचं. कुणी असा माणूस दिसल्याचं कळवलं तर पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद झाली का, ते विचारून क्रमांक घ्यावा. नोंद नसेल तर रात्री त्याला गाडीत बसवून दुसऱ्या हद्दीत सोडणं सोपं पडतं. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहालाही कायदा लागू आहे: तुरुंगात मानसिक आजाराचा कैदी नाही, असं प्रमाणपत्र तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं दर तिमाहीला मंडळाला द्यायचं असतं.

२०२७ च्या सिंहस्थात ही संख्या वाढणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. रस्ते, घाट, शौचालयं यांचे आराखडे होतात. त्यात मानसोपचाराची ओळ शोधायची असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात: पर्वकाळात सिव्हिलच्या नेहमीच्या खाटांखेरीज किती तात्पुरत्या खाटा धरल्या आहेत, पोलिसांनी आणलेल्या बेवारस रुग्णासोबत वॉर्डात राहायला परिचर कोणत्या शीर्षाखाली नेमणार आहेत, आणि पर्व संपल्यावर त्या माणसांना बिहार, बंगाल किंवा विदर्भातल्या घरी पोचवायचा प्रवासखर्च कोण भरणार आहे. तिसऱ्या प्रश्नाला आराखड्यात आकडा नसेल तर ती माणसं ठाण्याला जातील आणि तिथल्या जुन्या खाटांवर कायमची राहतील.